छेदातली मुलं

अध्यक्षमहोदय, आयोजक आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय तो असा : ‘उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांचे यश आणि संस्थांचे उत्तरदायित्व – पाच उपाय’. यातला पाच हा आकडा माझा नाही. आयोजकांनी फोनवर विचारलं, “मॅडम, उपाय किती लिहू?” मी म्हटलं, “बोलता बोलता निघतील तेवढे.” त्यांनी पाच छापले. आता छापलेच आहेत तर पाच द्यायचा प्रयत्न करते.

त्याआधी एक कबुली. मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं. त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरले की आधी डोकी मोजते. मघाशी माझा परिचय चालू होता तेव्हा मोजली. ९६. परिचय लांबला म्हणून पुन्हा मोजली. पुन्हा ९६. एवढा आकडा लक्षात असू द्या.

आता ‘उत्तरदायित्व’. हा शब्द मला पटत नाही. उत्तर देण्याचं दायित्व म्हणे. पण आपल्या धंद्यात उत्तरं देतं कोण? विद्यार्थी. प्रश्नपत्रिका आपली, उत्तरपत्रिका त्यांची. उभा जन्म प्रश्न विचारण्यात गेलेल्या माणसांना एकदम उत्तरं लिहायला बसवलं तर ती काय करतील? विद्यार्थी करतात तेच. गाईड शोधतील, आदल्या रात्री जागतील, शेजारच्याचं बघून उतरवतील. मूल्यमापन समिती उद्या येणार म्हणून तीन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं एका रात्रीत, एकाच पेनाने लिहिलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. निदान पेन तरी बदला, असं मी सुचवलं होतं. (हशा) हसू नका. तुमच्यापैकी काहींनी पेन बदललं होतं, हे मला ठाऊक आहे.

त्याच्यापुढे ‘गळती’ हा शब्द बघा. किती सरळ. हौद गळतो, छप्पर गळतं, नळ गळतो. पाणी कमी झालं की आपण हौदाचं भोक शोधतो. पाण्याला कोणी विचारत नाही, की बाबा, तुझ्यात चिकाटी कमी होती का, तुझा पाया कच्चा होता का, तुझ्या घरचं वातावरण कसं होतं. पण शिक्षणातल्या गळतीवरचा कुठलाही अहवाल उघडा. पानंच्या पानं पाण्याची चौकशी चाललेली असते. व्हिन्सेंट टिंटो नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली जरा भारदस्त भाषेत हेच मांडलं. विद्यार्थी जातो तो केवळ त्याच्यात काही कमी असतं म्हणून नाही. संस्थेतल्या अभ्यासाच्या आणि माणसांच्या जगात त्याला जागा सापडली की नाही, यावर पुष्कळसं ठरतं. पुढे त्याच्यावरही टीका झाली, की जुळवून घ्यायचं ओझं हा शेवटी विद्यार्थ्याच्याच डोक्यावर ठेवतो. टीका बरोबर आहे. पण निदान त्याने भोकाकडे बोट दाखवलं.

आता माझ्या वेडाकडे येते. घरच्यांनी ते ऐकायचं बंद केलंय, म्हणून मी व्याख्यानांची निमंत्रणं स्वीकारते.

निकाल म्हणजे काय? अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. सगळ्या जगाचं लक्ष अंशावर. पास किती, पहिल्या वर्गात किती, नोकरीला किती लागले. छेदात कोण होतं, हे कोणी विचारत नाही. आणि टक्का वाढवायचे दोनच मार्ग आहेत. एक, अंश वाढवायचा. त्याला वर्षं लागतात, घाम लागतो. दुसरा, छेद कमी करायचा; त्याला खोडरबर लागतो.

हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. माझी नोकरी नवीन होती. निकालाचं विश्लेषण नव्या माणसाच्या गळ्यात पडतं, हा निसर्गनियम आहे. पहिल्या वर्षाचा वर्ग. जुलैअखेर मस्टरवर ७१ नावं. वार्षिक परीक्षेला बसले ४३. पास झाले ३९. मी आपलं ३९ भागिले ७१ केलं, ५५ टक्के आले, कागद घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. सर भला माणूस होता, हे आधीच सांगून ठेवते. विद्यार्थ्यांना स्वतःची पुस्तकं देणारा, सुट्टीच्या दिवशी शंका सोडवायला बसणारा. त्यांनी कागद पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“बाई, हे काय आणलंत?”

“निकाल, सर.”

“छेदात ७१ आले कुठून?”

“मस्टरवरून.”

“मस्टरवरून नसतो काढायचा. बसलेल्यांवर काढा.” आणि उभ्या उभ्या त्यांनीच भागाकार केला. ९०.७. पेन्सिलीने जरा वळण देऊन त्याचे ९१ केले.

“आणि उरलेले २८, सर?”

“ते आपले नाहीत.”

ते आपले नाहीत! फीची पावती फाडताना ते आपले होते. वाढीव बाकांची मागणी करताना आपले होते. शिक्षकांचं एक पद मंजूर करून घ्यायचं होतं तेव्हा तर फारच आपले होते. (हशा) परीक्षेच्या दिवशी परके झाले. आणि सरांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे पुन्हा सांगते. सगळे असाच काढत होते. त्यांच्या सरांनी त्यांना तसंच शिकवलं होतं.

मी नवी होते आणि अंमळ आगाऊ होते. मस्टर घरी नेलं. ते नियमात बसत नव्हतं, पण आता मी निवृत्त आहे. त्या २८ ओळी एका वहीत उतरवून काढल्या. मंडळी, मस्टर कोणी वाचत नाही. ते भरायचं असतं, सही करायची असते, तपासणीला दाखवायचं असतं. पण एकदा वाचून बघा. हजेरीला टिंब, गैरहजेरीला फुली, अशी माझी पद्धत. २८ पैकी नऊ ओळी सुरीने कापल्यासारख्या तुटलेल्या होत्या : टिंब, टिंब, टिंब, आणि मग काहीच नाही. बाकीच्या १९ मात्र विरत गेलेल्या. आधी एक फुली, मग आठवडाभर टिंबं, मग दोन फुल्या. धुवून धुवून कापडाचा रंग जातो तशा.

३४ क्रमांकाची ओळ अजून डोळ्यांसमोर आहे. जुलै पूर्ण हजर. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी फुली, गुरुवारी फुली. पुढच्या मंगळवारी-गुरुवारी परत. सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलगी हजर. असे पाच आठवडे. मग एका सोमवारीही फुली. मग सलग दोन आठवडे फुल्याच फुल्या, आणि त्यानंतर मधेच एक टिंब. तो एक दिवस मला फार छळतो. ती आली होती. वर्गात बसली होती. मी तिचा नंबर पुकारला, तिने ‘हजर’ म्हटलं, मी टिंब दिलं आणि ३५ पुकारला. त्यानंतर घरं कोरी, आणि शेवटी नावावर लाल शाईची रेघ. पट्टी लावून मारलेली. माझ्याच हातची.

मी ३३ क्रमांकाला गाठलं. हजेरीच्या रांगेत आपल्या पुढच्या-मागच्याची खबर विद्यार्थ्यांना असते, आपल्याला नसते. ती म्हणाली, “मॅडम, तिची प्रॅक्टिकलची बॅच बदलली ना. मंगळवार-गुरुवार दुपारची होती, ती सकाळची झाली. सकाळी ती कामाला जाते.”

मी विचारलं, “बॅच कोणी बदलली?”

३३ क्रमांक माझ्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही.

बॅचा मी बदलल्या होत्या. तीन बॅचा होत्या, २६, २६ आणि १९. ते माझ्या डोळ्यांना खुपत होतं. दोन्हींकडून दोन-दोन उचलून तिसरीत टाकले. २४, २४, २३. काय सुरेख दिसत होतं! नोटीस बोर्डावर कागद लावला, हात झटकले. ज्या चौघांना हलवलं त्यांतले दोघं त्या २८ मध्ये सापडले. ३४ क्रमांकाने अर्जही केला होता. तो कार्यालयात मिळाला. माझ्यापर्यंत आलाच नव्हता, कारण त्यावर ‘विभागप्रमुखांमार्फत’ असं लिहायचं राहिलं होतं. कोपऱ्यात कोणीतरी ‘अपूर्ण’ असा शेरा मारला होता. तिचा अर्ज अपूर्ण.

मग मी उरलेल्यांच्या मागे लागले. प्रवेशअर्जावर पत्ते होते, २८ पत्रं टाकली. तुटलेल्या ओळींच्या नऊ जणांनी दुसरीकडे प्रवेश घेतला होता आणि ते मजेत होते. एकाने तर उत्तरात लिहिलं, ‘आपल्या शुभेच्छांमुळे सर्व ठीक आहे.’ मी शुभेच्छा दिल्या नव्हत्या, लाल रेघ दिली होती. विरलेल्या १९ पैकी १४ जणांची उत्तरं आली. पाच जणं फीच्या हप्त्यावर अडकली होती. चौघांचा कामाच्या वेळांशी मेळ बसला नाही. दोघांच्या घरी आजारपण होतं. आणि अभ्यास झेपला नाही असं लिहिणारे तिघे. १४ पैकी तीन! त्यातही एकीने लिहिलं होतं, विचारायची लाज वाटत होती. स्टाफरूममध्ये मी आधी विचारून ठेवलं होतं, की मुलं का गेली असतील? सगळ्यांचं एकच उत्तर होतं. झेपत नाही त्यांना. मलाही तसंच वाटत होतं.

हे सगळं टंकलिखित करून सरांपुढे ठेवलं. त्यांनी शब्दन् शब्द वाचला. मधे दोनदा मान हलवली. “चांगलं केलंत,” म्हणाले. मग टाचणी काढून कागद माझ्या हातात परत दिले. “फाईलला लावू नका.”

३४ क्रमांकाचं उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी दुपारच्या बॅचमध्ये मी एक जागा धरून ठेवली होती. ती वर्षभर रिकामी राहिली.

बरं, हा खोडरबर आमच्याच विभागात होता असं समजू नका. अमेरिकेत १९९० साली कायदा झाला, की किती विद्यार्थी पदवीपर्यंत पोचतात हे प्रत्येक कॉलेजने जाहीर करायचं. उत्तम. मुदतही उदार, नेहमीच्या दीडपट. म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं. आता छेद बघा. पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, आणि तेही पूर्ण वेळ शिकणारे, एवढेच मोजायचे. नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणारा छेदात नाही. दुसरीकडून बदलून आलेली छेदात नाही. दहा वर्षांनी पुन्हा पुस्तक उघडणारी छेदात नाही. ज्यांची गळण्याची शक्यता सर्वांत जास्त, तेच मोजायचे नाहीत. ‘ते आपले नाहीत’ हे वाक्य एका अख्ख्या देशाने कायद्यात लिहून ठेवलं. या मंडळींचं पुढे काय होतं, ते तिथल्या सरकारी आकडेवारीत यायला लागलं २०१५-१६ मध्ये. मधे २५ वर्षं गेली.

आणि छेद मोजायची तारीख कळली की माणसं काय करतात, तेही ऐका. २०१६ साली मेरीलँड राज्यातल्या एका कॉलेजची गोष्ट त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने बाहेर काढली. अध्यक्षांची योजना अशी, की नव्या विद्यार्थ्यांकडून सुरुवातीलाच एक प्रश्नावली भरून घ्यायची, कोण टिकणार नाही असं वाटतं ते हेरायचं, आणि सरकारी मोजणीच्या तारखेआधी २०-२५ जणांना प्रेमाने घरी पाठवायचं. म्हणजे ते छेदात येणारच नाहीत आणि टिकण्याचा टक्का आपोआप चढेल. मुलांना सांगितलं काय? की ही प्रश्नावली तुम्हाला स्वतःची ओळख व्हावी म्हणून आहे. प्रकरण पेटलं, अध्यक्षांना जावं लागलं. पण मला त्यातली एक गोष्ट आवडते. तिथल्या प्राध्यापकांनी नावं द्यायची टाळाटाळ केली, आणि ती मोजणीची तारीख टळून जाईपर्यंत केली. टाळाटाळ हे आपल्या पेशाचं बलस्थान आहे, ते योग्य ठिकाणी वापरलेलं पाहून भरून आलं.

छेद फुगवताही येतो बरं का. २०११ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावं नोंदवली. पूर्ण केला वीस-बावीस हजारांच्या आसपास लोकांनी. आधी छेदावर टाळ्या पडल्या, मग गळतीवर टिंगल झाली. दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही, की नाव नोंदवलं म्हणजे नेमकं काय केलं? दुकानाच्या काचेतून आत डोकावलेल्यांना आपण गिऱ्हाइकं म्हणतो का? दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची गोष्ट मी सांगत नाही. परत आलेली विमानं, त्यांच्यावरची भोकं आणि ‘न परतलेल्यांचा विचार करा’ म्हणणारे ते हुशार गणिती. ती तुम्ही दहादा ऐकली आहे, आणि अकराव्यांदा ती सांगणारा माणूस या महिन्यात तुम्हाला भेटेलच.

एक तक्रार मात्र करणार. मी ती प्रत्येक सभेत करते. ‘माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही’, हे वाक्य तुम्ही गुडहार्टचा नियम म्हणून ऐकलेलं असेल. चार्ल्स गुडहार्ट, ब्रिटिश अर्थतज्ज्ञ. त्यांनी १९७५ साली जे लिहिलं ते चलनव्यवहाराच्या धोरणाबद्दल होतं, आणि बरंच अवघड भाषेत होतं. आज सगळे म्हणतात ते सोपं वाक्य मॅरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं. साल १९९७. आणि बाई लिहीत कशावर होत्या? ब्रिटिश विद्यापीठांच्या मूल्यमापनावर! म्हणजे वाक्य आपल्या घरचं, जन्मलं विद्यापीठाच्या दुखण्यातून, लिहिलं एका बाईने, आणि गाजतंय अर्थतज्ज्ञ पुरुषाच्या नावावर. छेदातून मुलंच गायब होतात असं नाही.

आणि मापांचं म्हणाल तर, अभ्यासक्रम मोजायला आपण उठता-बसता ‘क्रेडिट’ म्हणतो ना, त्याची जन्मकथा ठाऊक आहे? १९०६ च्या सुमारास कार्नेगी प्रतिष्ठानला अमेरिकेतल्या प्राध्यापकांना निवृत्तिवेतन द्यायचं होतं. पण कॉलेज कशाला म्हणायचं हे ठरल्याशिवाय प्राध्यापक कोणाला म्हणायचं ते ठरेना. कॉलेज ठरवायचं, तर तिथे येणारा शाळेत किती शिकून आला पाहिजे ते ठरवायला हवं. मग बसले तास मोजत. एका विषयाचे वर्षाला १२० तास म्हणजे एक एकक. शाळेतलं हे तासांचं माप पुढे कॉलेजांनी उचललं. मुलाला काय आलं ते नव्हे, मूल किती वेळ बसलं ते मोजणारं माप. आणि ते कशापायी जन्मलं, तर मास्तरांच्या पेन्शनपायी. पहिल्या रांगेतल्या पेन्शनरांनी इतकं मोकळं हसायचं कारण नाही.

ही चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ अध्यक्षांचं अक्षर सुंदर आहे. पाच उपाय, दहा मिनिटं. भागाकार तुम्ही करा. मी पळते.

पहिला उपाय तुमच्या लक्षात आलाच असेल. छेद गोठवा. प्रवेश संपले त्या दिवशी मस्टरवर किती नावं होती तो आकडा जाहीर करा, आणि नंतर त्याला हात लावू नका. तीन वर्षांनी, सहा वर्षांनी त्यातल्या प्रत्येकापुढे लिहा : पदवी मिळाली, अजून शिकतोय, दुसरीकडे शिकतोय, सोडलं, माहीत नाही. दुसरीकडे जाऊन शिकणारा हे आपलं अपयश नाही, माझे नऊ जण आठवा. पण ‘माहीत नाही’ हा रकाना सर्वांत आधी वाचायचा. संस्थेला कोणी काही विचारणार असेल तर त्या रकान्याबद्दल विचारावं. निकालाच्या टक्क्याबद्दल नको, त्याच्यासाठी खोडरबर आहे.

दुसरा. फुली पडली की फोन गेला पाहिजे. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात २०१२ पासून रोज प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद संगणक चाळतो. धोक्याच्या आठशेवर खुणा ठरवल्या आहेत : चुकीचा विषय घेतला, पायाच्या विषयात कमी गुण पडले, वगैरे. खूण दिसली की सल्लागार त्या विद्यार्थ्याला गाठतो. खूण संगणक दाखवतो, बोलायला माणूस जातो. हा क्रम उलटा करू नका. त्यांना आणखी एक दिसलं. दर सत्राला शेकडो मुलांची नावं फी थकली म्हणून कमी होत होती, आणि त्यात शेवटच्या वर्षाचीही बरीच होती, थोडक्या रकमेवरून अडकलेली. विद्यापीठाने आपण होऊन ती भरली. २००३ मध्ये तिथे सहा वर्षांत पदवीपर्यंत पोचणारे ३२ टक्के होते. दहा-अकरा वर्षांनी ५० च्या पुढे गेले. प्रवेशाचे निकष कडक करून नव्हे, म्हणजे खोडरबर न वापरता. आपल्याकडे एवढी यंत्रणा नाही म्हणाल, तर मंगळवार-गुरुवारच्या फुल्या पकडायला यंत्रणा लागत नाही. मस्टर वाचणारा माणूस लागतो, आणि त्याच्या वेळापत्रकात त्यासाठी एक तास लागतो. फुकटात सांगू नका. ‘मेंटॉर’ म्हणून आपण प्रत्येकाच्या गळ्यात साठ-साठ मुलं मारतो आणि त्यासाठी वेळ किती देतो? शून्य. शून्याने भागायचं नसतं.

तिसरा, लवकर. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ मध्ये त्यांच्या दोन वर्षांच्या कॉलेजांत एक योजना काढली, नाव ‘असॅप’. फीतली तूट भरून काढायची, पुस्तकं द्यायची, वर्गांच्या वेळा एकत्र बांधून द्यायच्या, एका सल्लागाराकडे थोडीच मुलं ठेवायची, आणि प्रवासाचा पास द्यायचा. पास दर महिन्याला, आणि तो कार्यक्रमाला हजर राहिलं, सल्लागाराला भेटलं तरच. बघा, पासासाठी का होईना, मूल दर महिन्याला एका माणसासमोर येऊन बसतं. कोणाला योजनेत घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि तुलना केली. तीन वर्षांत पदवी मिळवणारे बाहेरच्यांत २२ टक्के, योजनेतले ४०. मग कोणीतरी म्हणालंच, की फार महाग पडतं. खर्च भागिले विद्यार्थी केलं तर महागच. खर्च भागिले पदव्या केलं तर स्वस्त. पुन्हा छेद! हे वाक्य तुमच्या संस्थाचालकांपुढे म्हणा.

चौथा विषय खरं तर एका संपूर्ण व्याख्यानाचा आहे, चार वाक्यांत उरकते, माफ करा. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात उरी ट्राइसमन नावाचे गणिताचे तरुण शिक्षक होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये, का अडतात, तर प्राध्यापक म्हणत, पाया कच्चा, जिद्द कमी, घरून पाठबळ नाही. म्हणजे पाण्याची चौकशी. ट्राइसमन वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या मागे मागे हिंडले, ते अभ्यास कसा करतात ते पाहत. चिनी मुलं एकत्र बसत, एकमेकांच्या चुका काढत; दुसरी मुलं मान मोडून, पण एकेकटी अभ्यास करत आणि आपण कुठे चुकतोय ते त्यांना परीक्षेतच कळे. त्यांनी ‘कच्च्यांचा वर्ग’ काढला नाही. उलट जास्त अवघड गणितं दिली आणि गटात बसवून सोडवायला लावली, आणि ही मुलं वर आली. ज्या विषयात तुमच्याकडे निम्मा वर्ग अडतो तो विषय तेवढा शोधा. सुधारणा तिथून सुरू करा. मानसिकतेवरची शिबिरं नकोत.

पाचवा पैशाचा. निकालाला अनुदान जोडावं का? टेनेसी राज्याने १९७९ पासून जोडलं, मग इतरांनी. संशोधकांनी ठिकठिकाणी तपासलं तेव्हा पदव्या फारशा वाढलेल्या दिसल्या नाहीत. काही ठिकाणी वाढली ती झटपट प्रमाणपत्रं, कारण तीही अंशात मोजली जात होती. डेन्मार्कने १९९० च्या दशकात विद्यापीठांना पास झालेल्या परीक्षांवर पैसे द्यायला सुरुवात केली, त्या पद्धतीचं नावच टॅक्सीमीटर. पण तिथे बऱ्याचशा परीक्षांना बाहेरचा परीक्षक बसतो, म्हणजे मीटरला हात लावणारा आणि गाडी चालवणारा एक नाही. तेव्हा पैसे जोडायचेच असतील तर आधी बाहेरचा परीक्षक आणा, छेद गोठवा, आणि मगच… हो, हो, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. थांबते.

फक्त एक. मघाशी सांगितलं होतं, ९६. आता ८९ आहेत, चौथ्या उपायाच्या वेळी मोजले. अहवालात उपस्थिती किती लिहायची ते आयोजकांचं आयोजक बघतील. पण गेलेल्या सात जणांत तिसऱ्या रांगेत कडेला बसलेले एक गृहस्थ होते, निळी छत्री घेऊन आलेले. पेन्शनच्या गोष्टीपर्यंत नीट ऐकत होते, वहीत लिहूनही घेत होते. त्यांचा नंबर आहे का कोणाकडे?